मत्स्यपिलांचा पहिला घास

कोयनानगरचे नाव निघाले की प्रथम आठवते ती वीज, मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आणि त्यानंतर नवजा परिसरातील विक्रमी पाऊस. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे तापोळ्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेल्या शिवसागर जलाशयाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या जलाशयाच्या आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांच्या पोटात वावरणाऱ्या जिवांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. महाबळेश्वरी उगम पावून कऱ्हाडला कृष्णेस मिळणाऱ्या कोयना नदीत माशांच्या पन्नासाहून अधिक जातींची नोंद अभ्यासकांनी केली आहे. सह्याद्रीतील एवढ्याशा एका नदीच्या मानाने ही संपत्ती लहान नव्हे.

दख्खनच्या नद्यांतील माशांची पहिली शास्त्रीय नोंद केली ती कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३९ च्या सुमारास. या गृहस्थाचा एक विशेष असा की, त्याने माशांना लॅटिन नावे देताना येथील भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची नावेच उचलली. शिंगटी, कोळस, नकटा ही मराठी नावे त्यामुळे जगाच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसली. पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले. हाच दख्खनचा महाशीर. खेडोपाडी तो खडशी, खडस अशा नावांनीही ओळखला जातो. जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, रुपयाएवढे खवले आणि निळसर झाक असलेले पर ही त्याची ओळख.

दगडगोट्यांतील मासा

रोहू, कटला, मृगळ हे मासे गाळाच्या, संथ, कोमट पाण्यात सुखाने वाढतात. महाशीरला असे पाणी मानवत नाही. त्याला हवे स्वच्छ, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि तळाशी दगडगोटे. उन्हाळ्यात तो खोल डोहात राहतो. पावसाळा लागला, ओढ्यांना लोंढे आले की प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जातो आणि उथळ, खडकाळ जागी अंडी घालतो. हा क्रम हजारो वर्षे चालत आला. नदीवर धरणाची भिंत उभी राहिली की खालचा मासा वर जाऊ शकत नाही. जलाशयातील माशाला तेवढा एक आधार उरतो, तो म्हणजे जलाशयाला चोहोबाजूंनी मिळणाऱ्या ओढ्यांचा. सोळशी, कांदाटीसारखी खोरी अजून रानाच्या आश्रयाला आहेत, कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले आहे. वाघासाठी राखलेल्या रानाचा असा लाभ माशालाही मिळतो.

धरण हा एकच शत्रू असता तर महाशीरने कदाचित निभावून नेले असते. परंतु डोहात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्याची दुष्ट प्रथा अनेक ठिकाणी चालत आली. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्याने हा गुन्हा ठरविला आहे; तरी एका सुरुंगाने डोहातील आई, पिले आणि अंडी एकदमच संपतात, हे ज्याला दिसत नाही त्याला कायदाही दिसत नाही. याउलट, लोकांनी आपण होऊन राखलेले डोहही महाराष्ट्रात आहेत. महाड तालुक्यातील काळ नदीवरचे वाळणकोंड आणि वाडा तालुक्यातील वैतरणेकाठचे तिळसे येथे देवाचे मासे म्हणून महाशीर पिढ्यानपिढ्या सांभाळले गेले. तेथे भाविक माशांना चुरमुरे, फुटाणे टाकतात आणि मासे हाताजवळ येतात.

लोणावळ्याचा प्रयोग

नदीत अंडी घालणे जर अवघड झाले, तर माणसाने ती जबाबदारी उचलावी काय? या प्रश्नाला महाराष्ट्रातच उत्तर मिळाले. मत्स्योद्योग खात्याचे निवृत्त संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळा परिसरात दख्खनी महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग केले. टाटा वीज कंपन्यांचे वळवण, शिरवता, मुळशी असे जलाशय या भागात आहेत. वळवण येथे उबवणी केंद्र उभे राहिले, आणि कुलकर्णी व त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी अनेक वर्षे हे काम नेटाने चालविले. त्यांनी लिहून ठेवलेली निरीक्षणे आजही देशभरातील उबवणी केंद्रांना उपयोगी पडतात.

आपल्याकडे मत्स्यबीज म्हटले की रोहू-कटल्याचे बीज डोळ्यांपुढे येते. त्याचे कृत्रिम प्रजनन १९५७ साली १० जुलै रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात साधले. माशाच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून मासे अंड्यावर आणण्याची ही पद्धत होती, आणि तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. महाशीरच्या बाबतीत हिशेब निराळा पडतो. रोहूची मादी शरीराच्या दर किलो वजनामागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते; महाशीरची मादी काही हजारच. रोहूची अंडी पंधरा ते वीस तासांत फुटतात. महाशीरला तीन ते चार दिवस लागतात. जेथे लाखांतून काही मेली तरी भागते, तेथे आणि जेथे मुळात हजारच आहेत तेथे, सांभाळण्याची रीत एकच असू शकत नाही.

पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी चढून आलेले पक्व नर-मादी जाळ्याने हलक्या हाताने धरतात. मादीचे अंग कोरड्या फडक्याने टिपून पोटावरून हळुवार हात फिरविला की सोनेरी-पिवळी, ज्वारीच्या लहान दाण्याएवढी अंडी कोरड्या थाळीत उतरतात. त्यावर नराचे शुक्र घेऊन पक्ष्याच्या पिसाने कालवतात, पिसाने अशासाठी की बोटाचा दाब अंड्याला सोसत नाही. मग पाणी घालून धुतात, अंडी पाणी शोषून टणक होतात आणि जाळीच्या तळाच्या थाळ्यांत त्यांचा एकपदरी थर दिला जातो. थाळ्यांतून स्वच्छ पाणी सतत वाहते ठेवावे लागते. मेलेले अंडे पांढरे पडते. ते रोजच्या रोज वेचून काढले नाही तर त्यावर बुरशी धरते आणि बुरशीचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांना गुरफटून टाकतात. उबवणी केंद्रात दिवसभर वाकून पांढरी अंडी वेचणारा कामगार हाच त्या केंद्राचा खरा आधारस्तंभ होय.

अंडी उशिरा फुटतात याचा एक फायदाही कुलकर्णी आणि ओगले यांनी हेरला. ओलसर कापसात बांधून ही अंडी पाण्याविना दूरवर, विमानानेसुद्धा, पाठविता येतात. रोहूच्या अंड्यांच्या बाबतीत हे शक्य नाही. ती वाटेतच फुटतील.

पोटातली शिदोरी

अंड्यातून बाहेर आलेले पिलू मासा म्हणून ओळखूही येणार नाही. एक सेंटीमीटरच्या आतबाहेर लांबीचा पारदर्शक तंतू आणि त्याच्या पोटाला लटकलेली पिवळी पिशवी, एवढेच त्याचे रूप. ही पिशवी म्हणजे अंड्यातील बलकाचा उरलेला साठा, आईने बांधून दिलेली शिदोरी. पिशवीच्या वजनाने पिलू तळाशी पडून राहते. उजेड त्याला नको असतो. शेकडो पिले थाळीच्या कोपऱ्यात डोकी खुपसून एकमेकांना बिलगून असतात. नवखा माणूस ती मेली असे समजून घाबरतो. पण शेपट्या हलत असतात. नदीत हीच सवय त्यांना दगडांच्या फटीत लपवून वाचवते.

या दिवसांत पिलांना खाऊ घालणे म्हणजे पाणी नासवणे. त्यांना तोंड असते, पण ते अजून उघडलेले नसते. साधारण आठवडाभराने पिशवी आटत येते, पिले कोपरा सोडून पाण्याच्या मध्यावर पोहू लागतात, आणि तेथून पुढचे दोन-तीन दिवस सर्वांत धोक्याचे. शिदोरी संपली आहे, भूक लागली आहे आणि घास मिळाला नाही, किंवा मिळाला तो तोंडात मावला नाही, तर पिलू अशक्त होते. एका मर्यादेनंतर त्याच्यापुढे अन्न ठेवले तरी त्याला ते पकडण्याची ताकद राहत नाही. मत्स्यबीज मोठ्या संख्येने मरते ते बहुधा या टप्प्यावर, आणि त्याचे खापर रोगावर किंवा पाण्यावर फोडले जाते.

तोंडाएवढा घास

पिलाला काय द्यावे, यापेक्षा केवढे द्यावे हा प्रश्न आधीचा आहे. निसर्गात त्याचा पहिला घास असतो पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी. चक्रधारी, म्हणजे रोटिफर, हे त्यांतले सर्वांत बारीक. मग पाण्यातील पिसवा म्हणून ओळखले जाणारे डाफ्नियासारखे जीव. ज्या तळ्याचे पाणी किंचित हिरवट-तपकिरी दिसते तेथून मलमलीच्या कापडाने पाणी गाळले की हे प्राणी हाती येतात. हलणारे अन्न पिलाच्या नजरेत भरते आणि न खाल्लेले राहिले तरी ते जिवंत असल्याने पाणी सडवत नाही. जिवंत अन्नाचा हा दुहेरी लाभ कोणत्याही पुडीतल्या भुकटीला देता येत नाही.

प्लवंग पुरेसे नसले तर उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून पाण्यात धुक्यासारखा सोडतात. पिले दोन-तीन आठवड्यांची झाली की शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, वस्त्रगाळ करून, चालतो. महाशीर मोठेपणी शेवाळ, फळे, किडे, शिंपले, लहान मासे असे सर्व काही खाणारा आहे. त्यामुळे पुढे त्याच्या खाद्यात मासळीची भुकटीही मिसळतात. दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा चार-पाच वेळा चिमूट-चिमूट देणे केव्हाही श्रेयस्कर.

या बाबतीत समुद्राचे एक उदाहरण बोधप्रद आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरते, वीज देऊन वाशिष्ठी नदीत मिसळते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रघोडा हा विलक्षण मासा आढळतो. घोड्यासारखे तोंड, माकडासारखी शेपटी आणि कांगारूसारखी पोटाला पिशवी, आणि ती पिशवीही मादीला नसून नराला. मादी त्या पिशवीत अंडी घालते आणि नर ती वाढवून शेकडो पिलांना एका वेळी जन्म देतो. जन्मताच पिले स्वतंत्र. पित्याचे काम संपले. समुद्रघोड्याला जठर नसते, दातही नसतात. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य ओढून घेतो, ते भराभर आतड्यातून पुढे जाते, आणि पिलाला जवळजवळ दिवसभर खातच राहावे लागते. तेही केवळ जिवंत आणि केवळ तोंडात मावेल एवढेच.

जगभरच्या मत्स्यालयांत अशा पिलांसाठी आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कोळंबीचा उपयोग करतात. तिची सुकी अंडी वर्षानुवर्षे डब्यात टिकतात आणि खाऱ्या, हवा खेळत्या, कोमट पाण्यात टाकली की एका दिवसात फुटून अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिले बाहेर पडतात. गोड्या पाण्यातील पिलांनाही ती देता येतात, मात्र गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरते, म्हणून तेवढ्यात संपेल इतकीच द्यावी. समुद्रघोडा स्वतः मात्र घरच्या टाकीत ठेवण्याचा विषय नव्हे. २००१ साली त्याचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत झाला असून त्याला पकडणे वा बाळगणे गुन्हा आहे. वाळवून औषधी म्हणून त्याचा जो व्यापार चाले त्याला आळा घालण्यासाठी हे करावे लागले.

शाळेतील काचेची टाकी

महाशीर हा काचेच्या टाकीत वाढवावा असा मासा नव्हे. त्याला धावते पाणी हवे. परंतु पिलांचे संगोपन कसे होते हे विद्यार्थ्यांना दाखवावयाचे असेल तर रोहू किंवा मृगळ यांचे बीज शासकीय मत्स्यबीज केंद्रातून किंवा मान्यताप्राप्त बीज उत्पादकाकडून आणता येते. तेथे तीन नावे कानी पडतील : जिरे, बीज आणि बोटुकली. जिऱ्याच्या दाण्याएवढे असते ते मत्स्यजिरे, इंचभर वाढले की मत्स्यबीज आणि बोटाएवढे झाले की बोटुकली. शाळेसाठी जिरे घेऊ नये, बीज घ्यावे. जिऱ्यांची मर नवख्याच्या हातून थांबत नाही आणि मुलांच्या मनावर त्याचा परिणाम होतो.

नळाचे पाणी असल्यास एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन उडू द्यावा. टाकीत हवेचा पंप आणि साधी स्पंजाची गाळणी पुरेशी होते. घातलेले खाद्य पाच-दहा मिनिटांत संपले पाहिजे. उरलेले व तळाशी साचलेली विष्ठा नळीने ओढून काढावी. न खाल्लेले अन्न कुजले की अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, थोड्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही, पण पिलांची कल्ले त्याने जळतात. ती पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागली की पाण्यात काही तरी बिघडले आहे असे समजावे. अशा वेळी सगळे पाणी एकदम बदलू नये. चौथा हिस्सा काढून तितकेच मुरलेले पाणी घालावे व एक दिवस खाद्य बंद ठेवावे. ‘मासे उपाशी मरतील’ या कळवळ्याने मुठीने खाद्य टाकणाऱ्यांच्या टाक्यांतच मासे अधिक मरतात.

ज्या नदीचे बीज त्या नदीला

लोणावळ्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि तेथील महाशीरचे बीज निरनिराळ्या राज्यांत गेले. एकेकाळी आंतरराष्ट्रीय सूचीत ‘धोक्यात’ म्हणून नोंदलेला दख्खनी महाशीर अलीकडे ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आला, यात या कामाचा वाटा मानला जातो. परंतु या यशाची दुसरी बाजूही पुढे आली, ती कावेरीत. तेथे महाशीरची स्वतंत्र, पाठीवर कुबड असलेली आणि पन्नास किलोपर्यंत वाढणारी जात होती. तिचे शास्त्रीय नावही निश्चित झालेले नव्हते. १९७० च्या दशकापासून कावेरीत दख्खनी महाशीरचे बीज सोडले गेले. हेतू चांगलाच होता; नदीतील महाशीर कमी झाले आहेत, ते वाढावेत. पाहुणा तेथे जोमाने वाढला आणि घरचा मासा मागे पडत गेला. गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा हा पालट ध्यानात आला. २०१८ साली त्या कुबडवाल्या महाशीरची ओळख ‘रेमादेवी’ या नावाने निश्चित झाली, आणि ‘अति धोक्यात’ हा शिक्का त्याच्यावर त्याच वर्षी बसला.

कोयनेला हे उदाहरण परके वाटण्याचे कारण नाही. गावतळ्यात किंवा पाझर तलावात बीज सोडण्याचे ठराव ग्रामपंचायती करतात, आणि ते योग्यच आहे. पौष्टिक अन्न आणि उत्पन्न दोन्ही त्यातून मिळते. पण पाझर तलावाचा सांडवा ओढ्याला, ओढा नदीला मिळतो. १९५२ साली परदेशातून भारतात आणलेला तिलापिया आज देशभरातील असंख्य तळ्यांत ठाण मांडून आहे. आफ्रिकी मागूरच्या पालनावर २००० साली केंद्र शासनाने बंदी घातली, तरी तो ‘थाई मागूर’ या नावाने अजूनही विक्रीला येतो. कमी किमतीत, लवकर वाढणारे, कोणत्याही पाण्यात जगणारे बीज अशी जाहिरात ऐकली तर पंचायत सदस्यांनी तेथेच सावध व्हावे, कारण कोणत्याही पाण्यात जगणारा मासा नैसर्गिक ओढ्यात शिरला तर तेथील मूळ माशांना मागे रेटू शकतो. बीज घेण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे, कोणत्या केंद्रातील आणि कोणत्या नदीच्या मूळ माशांचे, हे लेखी मागावे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारल्याशिवाय नैसर्गिक ओढ्यात, डोहात कोणतेही बीज सोडू नये, महाशीरचेही नाही.

बीज तळ्यात सोडण्याची रीतही सांगावयास हवी, कारण दूरवरून जिवंत आलेले बीज अनेकदा काठावर मरते. केंद्रातून निघण्यापूर्वी पिलांना एक दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे प्रवासात पाणी घाण होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेल्या जागेत प्राणवायू भरलेला असतो. पिशव्या उन्हात ठेवू नयेत. वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी. तळ्यावर पोचताच पिशवी फोडून बीज ओतण्याची घाई करू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतले व बाहेरचे पाणी सारखे थंड होते. मग तोंड सोडून थोडे-थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे आणि पिशवी आडवी धरावी. धडधाकट पिले आपण होऊन बाहेर पोहत जातात. पिशवीत मागे राहिलेली, कुशीवर पडलेली पिले मोजून त्यांची नोंद करावी आणि ती पाण्यात टाकू नयेत.